कल्पनानगरीची दोन रूपे : 'फँटसीलँड' आणि 'हॅरी पॉटरचे जादूविश्व' यांविषयीच्या चाहत्यांच्या वादाचा अन्वयार्थ

बीजशब्द : थीम पार्क, अद्भुतरम्यता, निमज्जन, तादात्म्य, सविकल्प समाधी, लोकप्रिय संस्कृती

प्रस्तावना

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील ऑरलँडो शहराच्या परिसरात डिस्ने आणि युनिव्हर्सल या दोन बलाढ्य करमणूक कंपन्यांची थीम पार्क एकमेकांपासून अवघ्या काही मैलांच्या अंतरावर वसलेली आहेत. दोन्ही ठिकाणी परीकथा, जादू, राक्षस, किल्ले आणि उडत्या प्राण्यांची नगरे प्रत्यक्ष उभारण्यात आली आहेत. डिस्नेच्या 'मॅजिक किंगडम' या उद्यानातील 'फँटसीलँड' हा विभाग १९७१ पासून अस्तित्वात आहे. युनिव्हर्सलच्या 'आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर' या उद्यानात १८ जून २०१० रोजी 'द विझार्डिंग वर्ल्ड ऑफ हॅरी पॉटर' हा विभाग खुला झाला. तेव्हापासून या दोहोंपैकी सरस कोण, या प्रश्नावर थीम पार्कच्या चाहत्यांमध्ये सातत्याने वाद होत आला आहे.

वरवर पाहता हा वाद हौशी मंडळींचा फावल्या वेळचा उद्योग वाटतो. तथापि त्यातील युक्तिवाद नीट तपासले असता साहित्यशास्त्राला परिचित असलेले प्रश्नच तेथे वेगळ्या वेशात उभे असल्याचे दिसते. कल्पित जगात रसिक शिरतो म्हणजे नेमके काय होते? शब्दांतून मनात उभे राहिलेले चित्र विटा-सिमेंटात उतरले की ते समृद्ध होते की संकुचित? आणि अशा जगात प्रवेश करण्याचा अधिकार कोणाकोणाला मिळतो? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांच्या आधारे उपरोक्त वादाचा परामर्श घेण्यात आला आहे. दोन्ही विभाग एकाच कसोटीवर घासण्याचा प्रयत्न हेच या वादाच्या निष्फळतेचे मूळ आहे, असे येथील प्रतिपादन आहे. हे दोन विभाग रसिकाकडून दोन वेगवेगळ्या प्रकारच्या पूर्वतयारीची अपेक्षा ठेवतात आणि त्या अपेक्षेतूनच त्यांचे गुण व मर्यादा निर्माण होतात.

१. वादाची पार्श्वभूमी

वॉल्ट डिस्ने यांचे पहिले उद्यान 'डिस्नेलँड' कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी सुरू झाले. त्याच्या मूळ पाच विभागांमध्ये फँटसीलँडचा समावेश होता. स्नो व्हाईट, पीटर पॅन इत्यादी चित्रपटांतील प्रसंगांमधून छोट्या गाडीत बसून अंधाऱ्या दालनांची सफर करावयाची, हे या विभागाचे प्रमुख स्वरूप होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी फ्लोरिडात मॅजिक किंगडम सुरू झाले तेव्हा हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर राबविण्यात आली. ॲनाहाइम येथील किल्ला सुमारे ७७ फूट उंचीचा होता, तर फ्लोरिडातील सिंड्रेलाचा किल्ला १८९ फूट उंच बांधण्यात आला.

युनिव्हर्सलचा मार्ग निराळा होता. १९९९ मध्ये सुरू झालेल्या आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचरमध्ये 'द लॉस्ट कॉन्टिनेंट' नावाचा विभाग होता. त्यात प्राचीन पुराणकथा आणि मर्लिनसारख्या मध्ययुगीन जादूगाराच्या कथांचे वातावरण होते. विशिष्ट कादंबरी वा चित्रपट त्यामागे नव्हता. ३१ मे २००७ रोजी हॅरी पॉटर विभागाची घोषणा झाली आणि या जुन्या विभागाचा मोठा भाग नव्या विभागात विलीन करण्यात आला. घोषणेच्या वेळी जे. के. रोलिंग यांच्या मालिकेतील सातवी व अखेरची कादंबरी प्रसिद्ध व्हावयाची होती. विभाग सुरू झाला तेव्हा शेवटचे दोन चित्रपट पडद्यावर यावयाचे होते. म्हणजेच कथेविषयीची उत्कंठा ताजी असतानाच तिचे स्थळ उभे राहिले.

डिस्नेने सप्टेंबर २००९ मध्ये फँटसीलँडच्या विस्ताराची घोषणा केली. या विस्ताराचे ६ डिसेंबर २०१२ रोजी औपचारिक उद्घाटन झाले आणि मे २०१४ मध्ये 'सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन' या सफरीने तो पूर्ण झाला. मॅजिक किंगडमच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा विस्तार होता. मूळ आराखड्यात राजकन्यांच्या भेटीगाठींना मोठे स्थान होते. तो प्रसिद्ध होताच मुलग्यांसाठी आणि थरार हवा असणाऱ्यांसाठी त्यात काय आहे, असा प्रश्न चाहत्यांनी उपस्थित केला. पुढे आराखडा बदलण्यात आला आणि खाणीतील रेल्वेची ही सफर त्यात आली. दोन्ही प्रकल्प जवळजवळ एकाच काळात आकाराला आल्यामुळे तुलना अपरिहार्य ठरली.

तुलनेसाठी आकड्यांचा आधार घेतला जातो, परंतु तो दोन्ही पक्षांना पुरतो. थीम्ड एंटरटेनमेंट असोसिएशन या संस्थेच्या वार्षिक अंदाजानुसार आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचरला भेट देणाऱ्यांची संख्या २००९ मध्ये सुमारे ४६ लाख होती. ती २०११ मध्ये सुमारे ७७ लाखांवर गेली. एका विभागामुळे दोन वर्षांत झालेली ही वाढ असाधारण होय. पण त्याच काळात मॅजिक किंगडमची संख्या १ कोटी ७० लाखांच्या आसपास स्थिर होती आणि ते जगातील सर्वाधिक गर्दीचे थीम पार्क होते. एक पक्ष वाढीकडे बोट दाखवितो, दुसरा पक्ष एकूण संख्येकडे. आकड्यांनी लोकप्रियता मोजता येते, आकर्षणाचे स्वरूप नव्हे.

२. जत्रा आणि गाव

चाहत्यांच्या वादात 'इमर्शन' हा शब्द वारंवार येतो. मराठीत त्यास 'निमज्जन' म्हणता येईल. भोवतालचे वास्तव विसरायला लावून रसिकाला कल्पित जगात बुडवून टाकण्याची क्षमता, असा त्याचा आशय आहे. हॅरी पॉटर विभागाचे समर्थक निमज्जन हीच श्रेष्ठतेची कसोटी मानतात. त्यांच्या मते फँटसीलँडमध्ये ॲलिसच्या कथेतील फिरते चहाचे कप, पीटर पॅनचे उडते जहाज आणि डंबो हत्ती शेजारी शेजारी असतात. या कथांना एकमेकींशी जोडणारा धागा नाही. उलट युनिव्हर्सलमध्ये हॉग्समीड या गावाच्या वेशीतून आत शिरले की बर्फाच्छादित छपरे, वाकडी धुराडी, दुकाने, खानावळ आणि टेकडीवरचा हॉगवर्ट्सचा किल्ला हे सारे एकाच कथेचे घटक असतात.

हे निरीक्षण योग्य आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. १९५५ मधील फँटसीलँडच्या दर्शनी भागांना मध्ययुगीन मेळाव्यातील तंबूंचे व निशाणांचे रूप देण्यात आले होते. वेळ आणि पैसा यांची टंचाई हे त्याचे एक कारण होते. कॅलिफोर्नियात १९८३ मध्ये हे रूप बदलून युरोपीय खेड्याचे करण्यात आले, पण फ्लोरिडात तंबूंचा थाट १९७१ नंतरही दीर्घकाळ टिकला. या तंबूंमुळे फँटसीलँडचे मूळ रचनातत्त्व स्पष्ट होते. ते तत्त्व जत्रेचे आहे. जत्रेत पाळणा, बाहुल्यांचा खेळ आणि मौत का कुआँ यांच्यामध्ये कथासूत्र शोधण्याचे कारण नसते. एका तंबूतून दुसऱ्या तंबूत जाताना होणारा बदल हाच तेथील आनंद असतो.

हॉग्समीडचे रचनातत्त्व गावाचे आहे. गावाला भूगोल असतो, इतिहास असतो, रहिवासी असतात. चित्रपटांचे कलादिग्दर्शक स्टुअर्ट क्रेग यांचा या उभारणीत सहभाग होता. त्यामुळे पडद्यावर पाहिलेली प्रमाणे आणि रंगछटा प्रत्यक्षात आल्या. 'हॅरी पॉटर अँड द फॉरबिडन जर्नी' या मुख्य सफरीची रांगदेखील किल्ल्याच्या अंतर्भागातून जाते. वनस्पतिशास्त्राचे काचघर, बोलकी तैलचित्रे, मुख्याध्यापक डंबलडोर यांची खोली आणि वर्गखोली यांतून वाट काढत प्रेक्षक गाडीपर्यंत पोहोचतो. सफरीत बसू न इच्छिणाऱ्यांनाही किल्ला पाहण्याची मुभा होती. वाट पाहणे हाही येथे कथेचा भाग ठरतो.

८ जुलै २०१४ रोजी शेजारच्या 'युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा' या उद्यानात 'डायगॉन ॲली' खुली झाली तेव्हा हे तत्त्व टोकाला नेण्यात आले. बाहेरून पाहणाऱ्याला केवळ लंडनमधील इमारतींची रांग दिसते. गल्लीचे प्रवेशद्वार दाखविणारी ठळक पाटी नाही. विटांच्या भगदाडातून आत शिरल्यावरच जादूची बाजारपेठ दृष्टीस पडते. ज्याला कथा ठाऊक आहे त्याला हे लपविणे म्हणजे पर्वणी वाटते. ज्याला ठाऊक नाही तो समोरून निघूनही जाऊ शकतो. गाव आणि जत्रा यांतील भेद येथे स्पष्ट होतो. जत्रेत कोणीही उपरा नसतो, गावात मात्र ओळख असणारा आणि नसणारा हा फरक राहतोच.

३. स्नो व्हाईट कोठे आहे? : तादात्म्याचा प्रश्न

निमज्जनाचे समर्थक असे गृहीत धरतात की रसिक स्वतःला जितका अधिक विसरेल तितका त्याचा आनंद अधिक. या गृहीतकाची परीक्षा डिस्नेच्या रचनाकारांनी १९५५ मध्येच नकळत घेतली होती. स्नो व्हाईटच्या मूळ सफरीत स्नो व्हाईट दिसतच नसे. गाडीत बसलेला प्रेक्षक हाच स्नो व्हाईट, तिला दिसणारे अरण्य आणि चेटकीण त्याला दिसावी, अशी कल्पना होती. पीटर पॅनच्या सफरीतही नायकाला याच कारणाने वगळण्यात आले होते. प्रेक्षकांना मात्र हा संकेत उमगला नाही. स्नो व्हाईटच्या सफरीत स्नो व्हाईट कोठे आहे, असा प्रश्न लोक विचारू लागले. अखेर १९८३ च्या नूतनीकरणात कॅलिफोर्नियात आणि १९९४ मध्ये फ्लोरिडात तिची आकृती समाविष्ट करण्यात आली.

या घटनेचा अर्थ लावण्यास मराठी समीक्षेतील एक परिचित संकल्पना उपयुक्त ठरते. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात वाङ्मयीन आनंदाची मीमांसा करताना 'सविकल्प समाधी'चा सिद्धांत मांडला. वाचक आपली मूळ भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेशी समरस होतो आणि या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयानंदाचा उगम असतो, असा त्याचा सारांश आहे. आपलेपण पूर्णतः लोपले तर आनंद घेणाराच उरत नाही. मुळीच समरसता नसेल तर आनंदाला विषय उरत नाही.

१९५५ मधील स्नो व्हाईटच्या सफरीने प्रेक्षकाकडून जणू निर्विकल्प समाधीची अपेक्षा केली होती. प्रेक्षकाने ती नाकारली. त्याला स्नो व्हाईट व्हावयाचे नव्हते. तिच्या संकटात, आपण आपणच राहून, तिच्या सोबत असावयाचे होते. लक्षणीय बाब अशी की, ज्या फॉरबिडन जर्नीला निमज्जनाचा आदर्श म्हणून गौरविले जाते, तिची योजनाही याच तत्त्वावर उभी आहे. तेथे प्रेक्षकाला हॅरी करण्यात येत नाही. तो 'मगल', म्हणजे जादू न येणारा सामान्य माणूस, म्हणूनच किल्ल्यात पाहुणा असतो. हॅरी त्याच्या पुढे झाडूवरून उडतो आणि यंत्रमानवाच्या बाहूवर बसविलेल्या आसनातून तो त्याचा पाठलाग करतो. फ्लोरिडाच्या उन्हात घाम पुसणारा पर्यटक ही त्याची खरी ओळखच कथेत सामावून घेण्यात आली आहे. हे या विभागाचे खरे कौशल्य होय.

फँटसीलँडच्या विस्तारातही हीच जाणीव निराळ्या मार्गाने आली. 'एन्चँटेड टेल्स विथ बेल' या कार्यक्रमात प्रेक्षकांतील मुलांना आणि पालकांना छोट्या भूमिका देऊन बेलची गोष्ट तिच्याच समोर सादर करविण्याची योजना होती. तेथे तंत्रज्ञान दिपवून टाकणारे असले, तरी आनंदाचा उगम आपल्या ओळखीचे बाबा कथेतील पात्र झालेले पाहण्यात होता. मूल बाबांना ओळखते आणि पात्रालाही ओळखते. सविकल्प समाधीचे याहून सोपे उदाहरण शोधणे कठीण आहे. तात्पर्य, 'एका ठिकाणी निमज्जन आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही' ही मांडणी अपुरी पडते. स्वत्व आणि समरसता यांचे प्रमाण दोन्हीकडे वेगळे आहे, एवढेच म्हणता येते.

४. शब्दांतील जग आणि विटांचे जग

वादाचा दुसरा मुद्दा मूळ कृतीशी असलेल्या निष्ठेचा आहे. हॅरी पॉटर विभागात कोका-कोलासारखी नेहमीची शीतपेये विकली जात नाहीत, याचा चाहते अभिमानाने उल्लेख करतात. त्यांच्या जागी कादंबरीतील 'बटरबिअर' मिळते. ते मद्यविरहित असून त्याची कृती रोलिंग यांच्या संमतीने ठरविण्यात आली. दुकाने चित्रपटातील प्रमाणांनुसार मुद्दाम लहान ठेवण्यात आली. परिणामी ऑलिव्हँडरच्या छडीच्या दुकानाबाहेर सुरुवातीपासून लांबच लांब रांगा लागू लागल्या. अरुंदपणा ही उणीव की निष्ठा, यावर चाहत्यांमध्ये दोन तट पडले. हे दोन्ही तट पॉटरप्रेमींचेच होते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

डिस्नेच्या बाजूला 'ब्युटी अँड द बीस्ट'मधील पशूचा किल्ला खडकाच्या माथ्यावर उभारण्यात आला. तो प्रत्यक्षात लहान आहे. वर जाताना वस्तूंची प्रमाणे घटवीत नेण्याच्या कृत्रिम यथादर्शनाच्या तंत्रामुळे तो दूरवर व भव्य असल्याचा भास होतो. काहींना हा दृष्टिभ्रम मोहक वाटला, काहींना तो हॉगवर्ट्सच्या तुलनेत खेळण्यासारखा भासला. त्याच परिसरातील गॅस्टनच्या खानावळीत मिळणारे 'लफूज ब्रू' हे सफरचंदाच्या रसाचे थंड पेय तर चाहत्यांनी बटरबिअरला दिलेले उत्तरच मानले.

या साऱ्या चर्चेच्या मुळाशी असलेला प्रश्न जे. आर. आर. टोल्किन यांनी थीम पार्क अस्तित्वात येण्यापूर्वीच विचारला होता. १९३९ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर दिलेल्या आणि १९४७ मध्ये विस्तृत रूपात प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात त्यांनी 'दुय्यम विश्व' ही संकल्पना मांडली. कथाकार यशस्वी असेल तर वाचकाला अविश्वास प्रयत्नपूर्वक बाजूला ठेवावा लागत नाही. त्या विश्वाच्या नियमांनुसार तो सहजच विश्वास ठेवतो. निमज्जनाच्या समर्थकांना हा विचार आपल्या बाजूचा वाटेल. परंतु त्याच व्याख्यानात टोल्किन पुढे असेही सुचवितात की अद्भुत हे शब्दांकडेच सोपविणे हिताचे. दृश्य कला एकच निश्चित रूप लादते. शब्द मात्र प्रत्येक वाचकाच्या मनात त्याच्या स्वतःच्या आठवणींतून घडलेले रूप उभे करतो.

या विचाराच्या प्रकाशात बटरबिअरकडे पाहिले असता काय दिसते? कादंबरीत त्या पेयाचे वर्णन मोघम आहे. जगभरातील वाचकांनी त्याची चव आपापल्या जिभेनुसार कल्पिली असणार. या कादंबऱ्यांचे अनुवाद मराठीतही उपलब्ध आहेत. ते वाचणाऱ्या मुलाच्या मनातील बटरबिअर आणि इंग्लंडमधील मुलाच्या मनातील बटरबिअर एक असण्याचे कारण नाही. थीम पार्कमध्ये तिला एक निश्चित चव, एक रंग आणि एक किंमत मिळाली. ज्याने ती चाखली त्याला आनंद मिळाला, यात शंका नाही. मात्र त्या घोटानंतर मनातील जुनी चव परत येणे कठीण. मूर्त रूप देणारी प्रत्येक कृती कल्पनेला काही देते आणि तिच्याकडून काही घेतेही.

फँटसीलँडबाबत ही हानी कमी जाणवते, पण तिचे कारण डिस्नेच्या श्रेष्ठतेत नाही. स्नो व्हाईट, सिंड्रेला यांच्या लोककथांना चित्रपटांनी पूर्वीच एक ठरावीक चेहरा दिला होता. उद्यानात येणाऱ्या बहुसंख्य मुलांसाठी चित्रपट हीच मूळ कृती असते. तेथे गमावण्यासारखे जे होते ते पडद्यावर आधीच गमावले गेले होते.

५. प्रवेश कोणाला?

चाहते मुख्यतः प्रौढ, जाणकार आणि वारंवार भेट देणारे असतात. त्यामुळे त्यांच्या वादात एका घटकाचा आवाज क्षीण राहतो. ज्यांना या नगरांमध्ये पूर्ण प्रवेशच मिळत नाही, असे हे लोक होत. वास्तविक आकर्षणाच्या कोणत्याही मूल्यमापनात हा प्रश्न अग्रस्थानी असावयास हवा.

पहिली मर्यादा उंचीची आहे. २०१० मध्ये हॅरी पॉटर विभागात तीन सफरी होत्या. फॉरबिडन जर्नीसाठी किमान ४८ इंच, म्हणजे सुमारे १२२ सेंटिमीटर उंची आवश्यक होती. 'ड्रॅगन चॅलेंज'साठी ५४ इंच आणि सर्वांत सौम्य अशा 'फ्लाइट ऑफ द हिपोग्रिफ'साठीही ३६ इंच उंची लागत असे. याचा अर्थ असा की मुख्य सफरीत बसण्यासाठी मूल साधारणतः सात-आठ वर्षांचे व्हावे लागे आणि अगदी लहान मुलासाठी एकही सफर नव्हती. विस्तारित फँटसीलँडमध्ये याउलट खाणीतील रेल्वेसाठी ३८ इंचांची आणि 'बार्नस्टॉर्मर' या छोट्या रोलर कोस्टरसाठी ३५ इंचांची अट आहे. उर्वरित सफरींना उंचीचे बंधन नाही. आजी, आई आणि दोन वर्षांचा नातू पीटर पॅनच्या एकाच जहाजात बसू शकतात. फँटसीलँडला 'पोरकट' म्हणणाऱ्यांनी ही रचना केवळ बालसुलभ आहे की कुटुंबसुलभ, याचा विचार केलेला दिसत नाही.

दुसरी मर्यादा शरीराची आहे. फॉरबिडन जर्नीचे आसन प्रेक्षकाला उताणे झुकविते, म्हणून खांद्यावरील कुंपण घट्ट बसणे अनिवार्य असते. स्थूल शरीराच्या अनेकांना दीर्घकाळ रांगेत थांबून ऐन वेळी माघारी फिरावे लागले. पुढे बाहेरच आसन तपासून पाहण्याची सोय झाली आणि काही आसनांत सुधारणाही करण्यात आली. वर्षानुवर्षे पुस्तके उराशी बाळगणाऱ्या वाचकाला किल्ल्याच्या दारातून परत फिरावे लागणे ही केवळ तांत्रिक गैरसोय नव्हे. कथेने ज्याला आपला म्हटले त्याला स्थळाने परका ठरविल्याचा तो अनुभव होय.

तिसरी मर्यादा पैशाची आहे आणि तिच्यापासून कोणताच पक्ष मुक्त नाही. २०१४ पासून हॅरी पॉटर विभागात परस्परसंवादी छड्या स्वतंत्रपणे विकल्या जातात. ठरावीक जागी ती छडी विशिष्ट रीतीने फिरविली की दुकानाच्या खिडकीतील वस्तू हलू लागतात. ज्याने छडी विकत घेतली तो जादूगार ठरतो. ज्याने घेतली नाही तो त्याच खिडकीसमोर प्रेक्षक म्हणून उभा राहतो. कादंबरीत जादू उपजत असते, येथे ती पावतीवर मिळते. हॉग्समीड आणि डायगॉन ॲली यांना जोडणारी 'हॉगवर्ट्स एक्स्प्रेस' ही आगगाडी दोन वेगळ्या उद्यानांमधून धावते. म्हणून तिच्यात बसण्यासाठी दोन्ही उद्यानांचे तिकीट घ्यावे लागते. कथेतील प्रवासाची निकड आणि व्यापाराची निकड येथे बेमालूम एकरूप झाली आहे.

डिस्नेचा इतिहासही याबाबतीत निर्मळ नाही. रांग टाळण्याची 'फास्टपास' ही सोय १९९९ पासून दोन दशके प्रवेशशुल्कातच समाविष्ट होती. महासाथीच्या काळात ती थांबली आणि ऑक्टोबर २०२१ पासून मॅजिक किंगडमसह डिस्नेच्या फ्लोरिडातील उद्यानांत तिची जागा सशुल्क व्यवस्थेने घेतली. पीटर पॅनच्या जहाजात सर्वांना जागा आहे हे खरे, परंतु कोणी किती वेळ थांबावे हे आता खिसा ठरवितो. जत्रेत सर्वांना मुक्तद्वार असते, या तत्त्वाला त्यामुळे निश्चितच बाधा आली आहे.

चौथी मर्यादा ज्ञानाची आहे. हॉग्समीडचा पूर्ण आस्वाद कथा जाणणाऱ्यालाच मिळतो. खिडकीत ठेवलेल्या वस्तूचा संदर्भ ओळखण्यात त्याला जो आनंद होतो, तो इतरांना होत नाही. ही मर्यादा मात्र आधीच्या तीन मर्यादांसारखी अन्यायकारक म्हणता येणार नाही. पुस्तक ग्रंथालयात मिळते आणि वाचनासाठी उंचीची अट नसते. ज्या विभागाचे प्रवेशपत्र वाचनातून मिळते, त्याच्याकडे अध्यापकवर्गाने किंचित आपुलकीने पाहिल्यास ते अस्वाभाविक ठरू नये.

६. वादाचे फलित

स्पर्धेने दोन्ही कंपन्यांना एकमेकांकडून शिकविले. २७ मे २०१७ रोजी डिस्नेच्या 'ॲनिमल किंगडम' उद्यानात 'अवतार' चित्रपटावर आधारित 'पँडोरा' आणि २०१९ मध्ये कॅलिफोर्निया व फ्लोरिडा या दोन्ही ठिकाणी 'स्टार वॉर्स : गॅलक्सीज एज' हे विभाग सुरू झाले. एक कथा, एक स्थळ हे हॉग्समीडचे सूत्र तेथे स्वीकारलेले दिसते. मात्र गॅलक्सीज एजसाठी चित्रपटांत कधीही न दिसलेले 'बटू' हे नवे स्थळ योजण्यात आले. उभारणी उत्कृष्ट असूनही आपल्या आठवणीतील एकही जागा येथे नाही, अशी अनेक चाहत्यांची तक्रार राहिली. निमज्जनाला केवळ कारागिरी पुरत नाही. रसिकाने सोबत आणलेली स्मृती लागते, हे यातून दिसून आले.

टोकियो डिस्नेसी या उद्यानात ६ जून २०२४ रोजी सुरू झालेल्या 'फँटसी स्प्रिंग्ज' विभागात 'फ्रोझन', रॅपुन्झेल आणि पीटर पॅन या तीन कथांची नगरे शेजारी शेजारी वसविण्यात आली आहेत. प्रत्येक नगर स्वतंत्रपणे सलग आहे, पण त्यांचे एकत्र येणे फँटसीलँडच्या परंपरेतील आहे. गाव आणि जत्रा यांचा हा समन्वयच म्हणावा लागेल. युनिव्हर्सलने २२ मे २०२५ रोजी ऑरलँडो येथे सुरू केलेल्या 'एपिक युनिव्हर्स' या उद्यानातही जादूविश्वाचा १९२० च्या दशकातील पॅरिसचा भाग, ड्रॅगनपालकांचे बर्क बेट आणि इतर विश्वे एका मध्यवर्ती बागेभोवती मांडलेली आहेत. एकेक विश्व गावासारखे बंदिस्त असले, तरी त्यांची एकत्र मांडणी पाहता जत्रेचे तत्त्व पुन्हा आठवते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) फँटसीलँड आणि हॅरी पॉटरचे जादूविश्व यांची रचनातत्त्वे अनुक्रमे जत्रेची आणि गावाची आहेत. गावाची सलगता जत्रेत शोधणे वा जत्रेचा मोकळेपणा गावाकडून अपेक्षिणे गैरलागू ठरते.

२) निमज्जन म्हणजे स्वत्वाचा लोप नव्हे. स्नो व्हाईटच्या मूळ सफरीचे अपयश आणि फॉरबिडन जर्नीचे यश या दोहोंचा उलगडा केळकरांच्या सविकल्प समाधीच्या सिद्धांताने समाधानकारकपणे होतो. मराठी समीक्षेतील संकल्पना नव्या लोकप्रिय संस्कृतीच्या अभ्यासासही उपयोगी पडू शकतात, याचे हे निदर्शक आहे.

३) शब्दांतील जगाला मूर्त रूप मिळताना रसिकाच्या स्वतःच्या कल्पनेचा काही अंश खर्ची पडतो. निष्ठा जितकी काटेकोर, तितकी ही किंमत अधिक असते.

४) कोणत्याही कल्पनानगरीचे मूल्यमापन तिच्या आत गेलेल्यांच्या आनंदावरून करणे पुरेसे नाही. उंची, शरीर, पैसा आणि ज्ञान यांमुळे बाहेर राहिलेल्यांचाही हिशेब त्यात धरावा लागतो. चाहत्यांच्या वादात हीच बाजू सर्वांत कमी मांडली गेली आहे.

परीकथेचे दार आजवर ऐकणाऱ्या प्रत्येकासाठी उघडे होते, कारण ते सांगणाऱ्याच्या आवाजात होते. ते दार विटांत बांधले गेल्यानंतर त्याला चौकट आली, उंची आली आणि तिकीटखिडकीही आली. दोन नगरांपैकी कोणते अधिक सुंदर, याविषयी चाहते यापुढेही वाद घालीत राहतील. तो वाद अधिक अर्थपूर्ण व्हावयाचा असेल तर त्यात प्रवेशाच्या या प्रश्नाला स्थान मिळणे अगत्याचे आहे.